ठिणगी डाव्या हाताला: फोर्ड मॉडेल ए कशी चालते, कशी राखावी

आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. तो गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली असतो. गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहायचं, हातब्रेक ओढायचा. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन बारीक कांड्या दिसतील. डावी ठिणगीची, ती पार वर ढकलायची. उजवी थ्रॉटलची, ती तीन-चार खाचा खाली आणायची. डॅशखाली चोकचा दांडा आहे. इंजिन गार असेल तर त्याची मूठ डावीकडे एक पूर्ण फेरा फिरवायची. मग किल्ली. आता उजव्या पायानं तळातला स्टार्टरचा खुंट दाबायचा आणि त्याच वेळी चोक ओढायचा. इंजिनानं एक-दोन आचके दिले की चोक सोडून द्यायचा. इंजिन धरलं की डावी कांडी निम्मी खाली घ्यायची, आणि ते तापलं की चोकची मूठ परत फिरवत पाव फेऱ्यावर आणून ठेवायची.

हे सगळं लिहायला जितका वेळ लागला त्याच्या एक दशांशात ते हाताला येतं. अमेरिकेत १९२८ साली शेतकरी, शिक्षिका, फिरते विक्रेते रोज सकाळी हेच करत होते. ऑक्टोबर १९२७ ते १९३२ चे पहिले काही महिने एवढ्या काळात फोर्डनं मॉडेल ए च्या ४८ लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. महायुद्धाआधीची अमेरिकन गाडी पाळायची हौस असलेल्यांना मी याच गाडीपासून सुरुवात करा म्हणतो. ती स्वस्त म्हणून बनवली होती, दिखाऊ म्हणून नव्हे. आणि तिच्यातलं एकही काम चालकापासून लपवलेलं नाही. जे दिसतं ते समजतं, आणि जे समजतं ते दुरुस्त होतं.

पेट्रोलपासून पाहू. मॉडेल ए ला पेट्रोलचा पंपच नाही. बॉनेट संपून समोरची काच सुरू होईपर्यंत मधे जो पत्रा दिसतो, तो पेट्रोलच्या टाकीचाच वरचा भाग. टाकी साधारण ३८ लिटरची आणि इंजिनापेक्षा उंचावर. पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं, गाळ धरणाऱ्या छोट्या वाटीतून जातं आणि इंजिनाच्या कुशीत, खालच्या अंगाला बसवलेल्या झेनिथ कार्बोरेटरमध्ये पोचतं. तिथून हवा त्याला ओढून वर, सिलिंडरकडे नेते. किती पेट्रोल उरलं हे दाखवणारा काटाही तारेवर चालत नाही. टाकीच्या मागच्या भिंतीत, म्हणजे चालकाच्या समोरच, छोटी खिडकी आहे. आतल्या तरंगत्या बुचाला जोडलेले आकडे तिच्यातून सरकताना दिसतात.

आधीच्या मॉडेल टी ची टाकी बहुतेक वर्षं सीटखाली होती. चढ तीव्र आणि टाकी अर्धी असली की पेट्रोल पुढे पोचत नसे, म्हणून लोक टेकडी उलट्या गिअरमध्ये चढत. मॉडेल ए नं तो प्रश्न मिटवला आणि बदल्यात चालकाच्या गुडघ्यांवर पेट्रोलची टाकी आणून ठेवली. आजच्या नियमांत ही रचना मंजूर होणं कठीण. गाडी उभी केली की कॉक बंद करायचा तो याचसाठी: कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई जराशी झिजलेली असली तरी रात्रभर थेंब थेंब गळून सकाळी जमिनीवर थारोळं साचतं.

डावी कांडी मात्र नव्या माणसाला सगळ्यात जास्त कोड्यात टाकते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की मिश्रण क्षणार्धात सगळं पेटत नाही. ज्वाला पसरायला थोडा वेळ लागतो. इंजिन वेगात असेल तर पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पडायला हवी, म्हणजे दाब पूर्ण होईपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो. पण स्टार्टर इंजिन हळू फिरवत असताना ठिणगी आधी पडली तर पिस्टन वर येता येता उलटा ढकलला जातो. स्टार्टर बिघडला आणि पुढून हँडल मारायची वेळ आली, तर हाच उलटा फटका हँडलमधून मनगटात येतो. हँडल मारून गाडी चालू करणाऱ्या जुन्या लॉरी ड्रायव्हरांना हा फटका चांगलाच माहीत होता. मूठ आवळताना अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही त्यांची शिकवण अजून खरी आहे.

म्हणून सुरू करताना कांडी वर, म्हणजे ठिणगी उशिरा. वेग आला की कांडी खाली, म्हणजे ठिणगी आधी. चढावर इंजिन ओझ्यानं ठोके देऊ लागलं की कांडी थोडी वर घ्यायची. ती वरच विसरून मैलोन् मैल गेलात तर इंजिन विनाकारण तापतं आणि सायलेन्सरकडचा पाइप भाजून निघतो. आता हे काम यंत्र स्वतःच करतं. इथे चालकाच्या कानावर ते सोपवलेलं आहे. पंधरा दिवस गाडी चालवली की कान शिकतो.

टायमिंग लावायची सोयही अशीच सरळ. इंजिनाच्या पुढच्या झाकणावर एक बोल्ट आहे. तो काढून उलटा करायचा आणि निमुळतं टोक आत दाबून धरत हँडलनं इंजिन सावकाश फिरवायचं. कॅमच्या गिअरवर एक खळगी आहे. टोक तिच्यात पडलं की पहिला पिस्टन माथ्यावर आला. कुठलंही मीटर लागत नाही. पॉइंटमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर, प्लगचा क्रम १-२-४-३. ज्या घरात एक पाना आणि एक पेचकस आहे त्या घरात हे काम होऊ शकावं, असं हेन्री फोर्डच्या माणसांनी ठरवलेलं दिसतं.

हेन्रीला खरं तर नवी गाडी नकोच होती. १९०८ पासून मॉडेल टी विकून त्यानं दीड कोटी गाड्यांचा आकडा गाठला होता, आणि तीच चालू राहावी असा त्याचा हट्ट होता. पण लोक शेव्हरलेटकडे वळले होते. मे १९२७ मध्ये टी चं उत्पादन थांबलं, कारखाने सुमारे सहा महिने जवळजवळ ठप्प राहिले. इंजिन आणि चॅसी यांत बापाचा शब्द चालला. गाडीला रूप मात्र मुलानं, एडसेल फोर्डनं दिलं. टी वर्षानुवर्षं फक्त काळी मिळत असे. ए आली ती निळ्या, वाळूच्या, पहाटेच्या करड्या रंगांत. मडगार्ड तेवढे काळे. समोरची काच फुटली तरी तुकडे उडणार नाहीत अशी थरांची होती, आणि स्वस्त गाडीत अशी काच तेव्हा नवलाईची गोष्ट होती. किंमत ३८५ डॉलरपासून पुढे.

आपल्याकडे आलेल्या मॉडेल ए बहुधा डेट्रॉईटच्या नव्हत्या, हे अनेकांना ठाऊक नसतं. ब्रिटन वगळता बहुतेक ब्रिटिश साम्राज्याचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या डेट्रॉईट नदीच्या पलीकडच्या काठावर, ऑन्टॅरिओत बनत आणि तिथून भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेकडे जात. १९२६ साली या कॅनडियन कंपनीनं भारतात आपली शाखा-कंपनी काढली. तिची स्पर्धक जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी करू लागली. मुंबई-पुण्यात एखादी मॉडेल ए समोर आली तर इंजिनाच्या डाव्या बाजूला, पाणी आत जातं त्या तोटीच्या वर, कोरलेला नंबर पाहा. अमेरिकेतल्या इंजिनाचा नंबर ए या अक्षरानं सुरू होतो, कॅनडातल्याचा सीए नं. भाग मागवताना याचा उपयोग होतो. इंजिनाचे भाग दोन्हीकडे सारखेच; पण स्टिअरिंग, पेडल, पुढचा पत्रा हे उजव्या हाताचे हवे असतील तर अमेरिकेपेक्षा ऑस्ट्रेलियातल्या संग्राहकांकडे विचारणं शहाणपणाचं.

आता इंजिन. चार सिलिंडर, ३.३ लिटर, २,२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती. दाबाचं प्रमाण अवघं ४.२२ ला १. आजच्या पेट्रोल गाडीत ते सर्रास दहाच्या आसपास असतं. दाब कमी म्हणून इंजिन पेट्रोलच्या प्रतीबाबत लाड मागत नाही. पण त्याचा जीव बेअरिंगमध्ये आहे, आणि पुनर्बांधणीचा बहुतेक खर्च तिथेच जातो.

हल्लीच्या इंजिनात क्रँकशाफ्टखाली बदलता येणाऱ्या पातळ वाट्या असतात. मॉडेल ए त मुख्यतः कथिलाचा मिश्रधातू, ज्याला आपले मिस्त्री व्हाइट मेटल म्हणतात, तो वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेला असतो. ओतण्याआधी ब्लॉक तापवावा लागतो, नाहीतर धातू धरत नाही आणि पुढे पापुद्र्यानं सुटतो. थंड झाल्यावर तिन्ही मुख्य बेअरिंगं एका सरळ रेषेत बोअर करायची. शाफ्ट आणि धातू यांच्यात फट ठेवायची ती एक ते दीड हजारांश इंच. तेवढ्यात तेलाचा पापुद्रा मावतो. बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांमधे पितळी पातळ पट्ट्या, शिम, घालतात. वर्षांनी धातू झिजला आणि खालून खडखड ऐकू आली, की ऑइल पॅन उतरवून एकेक शिम काढायची: फट पुन्हा मूळ मापावर येते. आजच्या कुठल्या इंजिनात ही सोय आहे?

व्हाइट मेटल ओतणारे हात मात्र आता कमी उरले आहेत. अमेरिकेत त्यासाठी खास कारखाने आहेत. आपल्याकडे जुन्या ऑइल इंजिनांची आणि गिरण्यांच्या यंत्रांची बेअरिंगं ओतणारे कारागीर शोधावे लागतात. ते काम करतील, पण शेवटचं बोअरिंग चांगल्या यंत्रावरच करून घ्या. काही मालक ब्लॉक कापून आधुनिक वाट्या बसवतात. रोज लांब पल्ला मारायचा असेल तर त्यात गैर काही नाही. नसेल तर मूळ पद्धत शंभर वर्षं टिकून राहिलेली आहे; फक्त इंजिन फार वेळ फार वेगात फिरवायचं नाही. गाडी ताशी शंभर किलोमीटरपर्यंत जाते, पण तिला आवडतो तो वेग ताशी ६५ ते ७०.

तेलाला फिल्टर नाही. पंप तेल वर चढवतो, तिथून ते आपल्या वजनानं मुख्य बेअरिंगांवर उतरतं आणि खालच्या ताटल्यांत साचतं. फिरते रॉड त्यात बुडून ते उडवतात. म्हणून फोर्डनं दर ५०० मैलांना, म्हणजे ८०० किलोमीटरला तेल बदला असं सांगितलं होतं. तेल लागतं पावणेपाच लिटरच्या आसपास. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं पॅन न उघडता नुसतं नवं तेल ओतणारा माणूस इंजिनाचा वैरी. त्या पॅनमध्ये बोटभर काळा चिखल बसलेला असतो.

गिअर तीन, आणि त्यांना सिंक्रोमेश नाही. बदलताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून पुन्हा दाबणं, मग पुढचा गिअर. खाली येताना मधल्या टप्प्यात थोडी रेस. याहून जास्त त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, ते हातानंच येतं.

ब्रेकबद्दल मात्र लिहिलं पाहिजे, कारण त्याबद्दल गैरसमज फार. चारही चाकांना ब्रेक आहेत, पण तेलाचे नाहीत. पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी दांडे जातात. क्रायस्लरनं १९२४ सालीच हायड्रॉलिक ब्रेक दिले होते, फोर्डनं मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत यांत्रिक ब्रेक सोडले नाहीत. दांड्यांच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि एक भोक असतं. प्रत्येक भोक केसाएवढं मोठं झालं की सगळ्यांची मिळून ढिलाई पेडलवर येते आणि पाय तळाला टेकतो. मग मालक म्हणतो, या गाडीला ब्रेकच नाहीत, आणि हायड्रॉलिक बसवून घेतो. माझ्या मते हा उतावळेपणा आहे. सगळ्या पिना बदला, भोकं भरून पुन्हा मापात पाडा, ड्रम गोल करून घ्या, डाव्या-उजव्या चाकांना सारखा जोर येतो का ते तपासा; गाडी सरळ रेषेत करकचून थांबते. एक बदल मी आनंदानं मान्य करीन: मूळचे दाबलेल्या पत्र्याचे ड्रम तापले की फुगतात, त्याऐवजी बिडाचे ड्रम.

जिथे मूळपणाचा हट्ट धरू नये अशा आणखी दोन जागा आहेत. पहिली, पंखा. मूळचा दोन पात्यांचा पंखा पत्रे जोडून बनवलेला. नव्वद वर्षं धातू थकला की एखादं पातं सुटतं आणि रेडिएटर किंवा बॉनेट फाडून बाहेर येतं. चालू इंजिनाच्या पंख्याच्या रेषेत कधी उभं राहू नका, आणि तसाच दिसणारा नवा पंखा घ्या. दुसरी, फ्यूज. कारखान्यातून आलेल्या मॉडेल ए ला फ्यूज नाहीच. वायरिंग डॅशमध्ये, आणि डॅशच्या मागे पेट्रोलची टाकी. स्टार्टरजवळ एक फ्यूज घालायला काही फार पैसे पडत नाहीत. हेही लक्षात ठेवा की बॅटरी ६ व्होल्टची आहे आणि तिचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं असतं, आजच्या अगदी उलट. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावायला धावणाऱ्या मदतनिसाला आधी थांबवा.

पत्र्याचं काम करताना छत पाहिलं की लोक चक्रावतात. बंद गाडीचं छत मध्यभागी पत्र्याचं नाहीच: लाकडी आडव्या पट्ट्या, कापसाची गादी, वर मेण लावल्यासारखं जाड कापड. एवढा मोठा पत्रा एका दाबात घडवणारे प्रेस तेव्हा नव्हते. जनरल मोटर्सनं अखंड पोलादी छत १९३५ च्या मॉडेलमध्ये आणलं. त्यामुळे गळतं छत म्हणजे कुजलेलं लाकूड, आणि कुजलेलं लाकूड म्हणजे न बसणारी दारं. आधी लाकूड, मग दारं, मग रंग. हा क्रम मोडणारा दुप्पट खर्च करतो.

चकाकणाऱ्या भागांवरून गाडी कोणी जाणून केली आणि कोणी नुसती सजवली ते कळतं. १९२८-२९ च्या गाड्यांचे रेडिएटरचे काठ आणि दिवे निकेलचे, किंचित पिवळसर उबदार चमकेचे. १९३०-३१ मध्ये तिथे स्टेनलेस पोलाद आलं. सगळीकडे निळसर क्रोम मारलेली १९२८ ची गाडी लग्नाच्या वरातीत शोभते. ती मॉडेल ए मात्र राहत नाही.

फोर्ड दर काही महिन्यांनी काही ना काही बदलत असे. सुरुवातीच्या गाड्यांचं स्टिअरिंग तांबूस होतं, क्लच अनेक पट्ट्यांचा होता, हातब्रेक डाव्या बाजूला होता. काही राज्यांच्या कायद्याला वेगळा हातब्रेक हवा म्हणून ब्रेकची रचनाच बदलली. हे सगळं नोंदलेलं आहे. कंपनी विक्रेत्यांना सेवा-पत्रकं पाठवत असे, ती पुन्हा छापून मिळतात. मूळ आराखडे डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाच्या संशोधन केंद्रात जपलेले आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेत मॉडेल ए चे दोन मोठे क्लब उभे राहिले. कुठल्या महिन्यात कुठला बोल्ट होता याचं जाडजूड नियमपुस्तक त्यांनी मिळून केलं आहे. मिशिगनमध्ये हिकरी कॉर्नर्सला, गिलमोर मोटार संग्रहालयाच्या आवारात, १९२८ च्या फोर्ड दुकानाच्या धर्तीवर बांधलेलं मॉडेल ए चं वेगळं संग्रहालयही आहे. डेट्रॉईटकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ते एका दिवसात पाहून येण्यासारखं.

इतक्या गाड्या उरल्या कशा, याला एक कारण युद्धाचंही आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत साध्या ग्राहकांसाठी गाड्या बनवणं बंद झालं. भंगाराच्या मोहिमांत असंख्य जुन्या गाड्या वितळल्या, पण ज्या चालत होत्या त्या शेतावर, गावात चालतच राहिल्या, कारण नवी मिळणार नव्हती. म्हणून आज हाती येणाऱ्या गाडीत दहा मालकांच्या डागडुज्या असतात: फोर्डकडून बदलून घेतलेलं इंजिन, दुसऱ्या वर्षाचं मडगार्ड, सुताराच्या हातचं दार. चॅसीवरचा नंबर बॉडीखाली झाकलेला असतो. बॉडी उचलल्यावरच तो दिसतो आणि इंजिनाच्या नंबराशी जुळतो का ते कळतं. जुळला नाही तर निराश होऊ नका. न जुळणं हाही त्या गाडीच्या आयुष्याचा दाखला आहे. म्हणूनच घासण्याआधी सगळीकडचे फोटो काढा, जुन्या रंगाचा एखादा तुकडा सीटखाली तसाच राहू द्या, काढलेले भाग चिठ्ठी बांधून ठेवा. कारखान्यात होती त्याहून चकचकीत केलेली गाडी प्रदर्शनात बक्षीस घेते आणि मग मालक तिला पावसात बाहेर काढायला घाबरतो. हा व्यवहार मला कधी पटला नाही.

महाराष्ट्रात अशी गाडी ठेवणाऱ्यानं दोन गोष्टी पाहाव्यात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते तसंच ठेवू नका. तिची टाकी आतून गंजते आणि गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये येऊन बसतो. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ रूपात हवी; चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा भाड्यानं द्यायला ही गाडी काढता येत नाही.

आणि विकत घ्यायला निघाला असाल तर स्वस्त मिळतो म्हणून गोठ्यात पडलेला सांगाडा घेऊ नका. बेअरिंगं, लाकूड, निकेल, गाद्या यांचा खर्च जोडला की सांगाडा नेहमी चालत्या गाडीहून महाग पडतो. कोणीतरी नीट बांधलेली, रस्त्यावर चालणारी, कागद जुळणारी मॉडेल ए घ्या. पहिल्याच आठवड्यात पंखा बदला, फ्यूज घाला, ब्रेकच्या पिना तपासा, आणि मग महिन्यातून दोनदा तरी तिला बाहेर काढा.